सरसाच्या सहा कामट्या

आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. वडील दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये फाटकावर चौकीदार होते. मॅट्रिकनंतर माझं शिक्षण थांबणार होतं. ते थांबलं नाही याचं कारण यवतमाळचे एक वकीलसाहेब. शाळेच्या बक्षीस समारंभाला ते दिग्रसला आले होते, तिथे त्यांनी माझं भाषण ऐकलं आणि कॉलेजची चारही वर्षं माझी फी भरली. कधी बोलून दाखवलं नाही. सुटीत भेटायला गेलो की विचारत, "काय रे, जेवतोस ना नीट?" बाकी गप्पा माशांच्या. गळ टाकून मासे धरणं हा त्यांचा एकच शौक होता.

पदवी मिळाली, यवतमाळच्याच एका शाळेत नोकरी लागली. पहिल्या पगारापासून मनात होतं की वकीलसाहेबांना काहीतरी द्यावं. पण त्यांना काय द्यायचं? धोतरजोडी नेली असती तर त्यांनी ती घेतली असती आणि मोलकरणीच्या नवऱ्याला दिली असती. मग एक दिवस बाजारात, जुन्या सामानाच्या दुकानात, मला ती काठी दिसली.

छप्पन साली आपला मुलूख मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, तेव्हा पुष्कळ अधिकारी भोपाळकडे गेले. जाताना त्यांच्या सामानाची हर्रास झाली. जंगल खात्यातल्या अशाच एका साहेबाचं सामान या दुकानदाराने घेतलं होतं. पलंग, आरसे, बंब सगळं खपलं होतं. मेणकापडाच्या दोन लांब पिशव्या मात्र दोन वर्षं कोपऱ्यात उभ्या होत्या. एका पिशवीचं तोंड सुटलं होतं आणि त्यातून पितळी टोक चमकत होतं.

वकीलसाहेबांकडे अशा काठ्या मी पाहिल्या होत्या. विलायती गळाची काठी म्हणजे अख्खा बांबू नव्हे. बांबूच्या सहा बारीक कामट्या अशा तासायच्या की एकमेकींना जोडल्या की मधे पोकळी राहत नाही, मग सरसाने चिकटवायच्या आणि वरून रेशमाने आवळायच्या. असे तीन तुकडे पितळी सांध्यांनी एकात एक बसले की दोन पुरुष उंचीची काठी होते, आणि टोक गवताच्या काडीएवढं बारीक असतं. वकीलसाहेबांची आवडती काठी वाळवीने खाल्ली होती. तेव्हापासून ते नुसत्या बेशरमाच्या फोकासारख्या एका देशी काठीने गळ टाकत आणि त्याबद्दल स्वतःवरच विनोद करत.

दुकानदाराने विचारलं, "कायले पाह्यजे मास्तर? पोट्टे झोडपाले?"

मी म्हणालो, "खिडकीला पडदा लावायचा आहे."

हे खोटं मी भाव पडावा म्हणून बोललो, आणि भाव पडलाही. दोन्ही पिशव्या मी पडद्याच्या दांड्यांच्या भावात घरी आणल्या. त्या वेळी मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

घरी उघडून पाहिलं तर एकीचा बुडखा तडकलेला, दुसरीचं टोकच नाही. रेशीम कुजलेलं, मुठीवरचं बूच उंदरांनी कुरतडलेलं, दोर ओवायच्या कड्या अर्ध्या गळलेल्या. मी दोन दिवस नुसता पाहत बसलो. तिसऱ्या दिवशी पिशव्या घेऊन चाचांकडे गेलो.

चाचा म्हणजे कचेरीच्या भिंतीला लागून एका पालाखाली बसणारे कारागीर. वेताच्या खुर्च्या विणायचे, छत्र्या दुरुस्त करायचे, पेटीचा भाता बदलून द्यायचे. मोहर्रममध्ये मोहल्ल्याचा ताजिया तेच बांधायचे, त्यामुळे कामटी आणि सरस यांतलं त्यांना न कळणारं काही नव्हतं. वय पन्नाशीचं, डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. आमच्या शाळेच्या दोन खुर्च्या त्यांनी विणल्या होत्या, तेवढी ओळख.

त्यांनी काठी बोटांवर फिरवली, मग कानाशी धरून टिचकी मारली.

"कोनाची हाय?"

मी सांगितलं. वकीलसाहेबांचं नाव निघताच ते सावरून बसले.

"मास्तर, दोन काठ्यांची एक करून देतो. या म्हातारीचं धड आन् तिचं डोकं. पन एक सांगतो. साहेबांले देसान तवा माह्यं नाव घेजा."

"घेईन की चाचा."

"नाही, नीट आयका. कचेरीतल्या वकिलांच्या खोलीतल्या खुर्च्या या साली नव्यानं विनाच्या हायेत. कोरटातल्या बी. नागपूरवाला टपून बसला हाय. वकीलसाहेब ज्याचं नाव घेतीन त्याले काम. या पालाखाली बसून छत्र्या किती दिवस शिवू? एकडाव मोठं काम भेटलं का मंग दुकानाले पाटी लावतो."

मी वचन दिलं. मुद्दाम सांगतो आहे, मी वचन दिलं.

त्यानंतर दोन महिने मी शाळा सुटली की चाचांच्या पालाखाली जाऊन बसत असे. त्यांचं काम पाहणं हेच एक शिक्षण होतं. आधी त्यांनी जुनं रोगण काचेच्या तुकड्याने खरवडलं, तेही एका दिवशी वीतभरच. म्हणाले, "घाई केली का कातडं निंघते." मग जिथे कामट्या सुटल्या होत्या तिथे सरस भरला. सरसाचं भांडं दुसऱ्या पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवत. थेट आचेवर ठेवलेला सरस जळतो आणि धरत नाही. सरस भरला की काठीला सुती दोरा गच्च गुंडाळून तीन दिवस सावलीत टांगून ठेवायची. लाल रेशीम त्यांनी एका जरीवाल्याकडून आणलं. बुचासाठी औषधाच्या मोठ्या बाटल्यांची बुचं मी दवाखान्यांतून गोळा केली. ती भोकं पाडून मुठीवर ओवली, घासली, तर जुन्यात आणि नव्यात फरक कळेना. शेवटी चपडीच्या रोगणाचे हात, एकावर एक सात.

टोकाकडे काठीला किंचित बाक होता. मी म्हणालो, "चाचा, हा बाक काढता येणार नाही का?"

"म्हाताऱ्या मान्साची कंबर हाय ते. सरळ कराले जासान तं मोडन. राहू द्या."

काठी हवाली करताना त्यांनी मला बजावलं, "हे आगीजवळ नोका नेऊ. वाफेजवळ नोका नेऊ. सरस हाय हा, गुळासारखा. बाकी काही करू नोका. पुसाचं आन् ठेवाचं."

मी मान हलवली.

उन्हाळ्याची सुटी लागली तेव्हा मी काठी दिग्रसला नेली. वकीलसाहेबांना द्यायच्या आधी वडिलांना दाखवावी, एवढाच हेतू. वडिलांनी ती दोन्ही हातांवर घेतली. आयुष्यभर त्यांचा संबंध एकाच काठीशी आला होता, फाटकावरच्या लाठीशी. नवी लाठी आली की ते तिला जवसाचं तेल पाजत आणि चुलीच्या वर, धुरात, आडवी टांगत. आठ दिवसांनी उतरवून पुन्हा तेल. महिनाभरात लाठी अशी होई की दगडावर आपटली तरी तडकत नसे. जिनिंगमधले दुसरे चौकीदारही आपापल्या लाठ्या वडिलांकडे घेऊन येत.

"बाबू, हे तं साऱ्या बाजूनं सुकली," वडील म्हणाले. "आन् इकडं वाकली बी. अशी द्याची का साहेबांले?"

"कारागीर म्हणाला राहू द्या."

"तो खुर्च्या इनते. काठीतलं त्याले काय समजते?" मग ते थोडे थांबून म्हणाले, "त्या मान्सानं तुले शिकवलं. माह्या हातानं त्याच्यासाठी कवा काही झालं नाही. एवढं तं करू दे."

इथे मी 'नाही' म्हणायला हवं होतं. चाचांचे शब्द मला पाठ होते. पण दोन गोष्टी झाल्या. एक तर वडिलांचा तो चेहरा. आणि दुसरी, जी मी पुष्कळ वर्षं स्वतःपाशीही कबूल केली नाही: मलाही वाटलं की वडिलांचंच बरोबर आहे. बांबू तो बांबू. लहानपणापासून ज्या चुलीवर मी लाठ्या पिकताना पाहिल्या, ती चूल मला चाचांच्या सरसाहून जास्त पटली. पदवी घेतलेल्या माणसाने निदान एकदा थांबून विचार करायला हवा होता की लाठी अख्खी असते आणि ही सहा तुकड्यांची आहे.

दहा दिवस काठी आमच्या चुलीवर टांगलेली होती. खाली भाकरी भाजत, वरणाला उकळी येई, भाताची वाफ वर जाई. वडील रोज संध्याकाळी तिला तेलाचा हात देत. उतरवली तेव्हा बाक गेला होता. काठी आधीपेक्षा मऊ, लवचिक लागत होती. वडील म्हणाले, "पाह्य, तेल पचलं." रोगण जरा काळवंडलं होतं आणि हाताला किंचित चिकटत होतं. मी ते फडक्याने पुसून काढलं.

जूनच्या सुरुवातीला वकीलसाहेबांना काठी दिली. त्यांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी दिवाणखान्यातच ती जोडली आणि टोक छताला लागलं तेव्हा लहान मुलासारखे हसले. मी वचन पाळलं; चाचांचं नाव घेतलं. "कचेरीजवळचा तो? अरे, हा तर हिरा निघाला!" ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी चाचांच्या पालापाशी मोटार थांबवून, "खुर्च्यांचं बघू आपण," असं सांगितल्याचं चाचांनी मला दोनदा ऐकवलं. पाटीवर काय लिहायचं तेही त्यांनी मला विचारलं. मी एका कागदावर सुबक अक्षरात लिहून दिलं.

त्या रविवारी वकीलसाहेब मला घेऊन वर्धा नदीच्या एका डोहावर गेले. बरोबर त्यांचे तीन वकीलमित्र होते. मी तिथे पहिल्यांदाच त्यांच्यात बसलो होतो. वकीलसाहेबांनी ओळख करून दिली, "हे आमचे ग्रॅज्युएट. यांनी आणली ही काठी, जंगलसाहेबाची." एकाने मला सिगारेट पुढे केली. मी ओढत नव्हतो, पण विचारलं याचंच सुख वाटलं. मी पाय दुमडून, कपड्यांना माती लागणार नाही असा बसलो होतो.

काठी हातात घेऊन वकीलसाहेब म्हणाले, "मऊ आहे जरा."

"मुरलेली आहे," मी म्हणालो.

तासाभराने गळाला मोठा मासा लागला. दोर सणसणत पाण्यात गेला, काठी कमानीसारखी वाकली, सगळे उठून उभे राहिले. "सोडू नका, सोडू नका!" "अरे, मरळ आहे!" "मरळ कसली, महाशीर आहे!" वकीलसाहेब गुडघाभर पाण्यात उतरले. आणि त्यांच्या हातातली काठी मधूनच उकलली. मोडली नाही, उकलली. रेशमाच्या दोन बंधांमध्ये सहाच्या सहा कामट्या फड्याच्या काड्यांसारख्या पसरल्या, मग एकेक करून तुटल्या. दोर तुटला. मासा गेला. वकीलसाहेब तोल जाऊन पाण्यात बसले.

मग एक वकीलमित्र हसायला लागला. "वा! ही काठी की खराटा?"

वकीलसाहेब भिजलेले बाहेर आले. त्यांच्या हातात त्या कामट्या होत्या. "हे कसं झालं रे?" त्यांनी मला विचारलं. रागाने नाही. खरोखर विचारलं.

मला कसं झालं ते त्याच क्षणी कळलं होतं. उकललेल्या भागातून सरस मधासारखा चकाकत होता. पण सांगायचं कसं? की आम्ही हिला लाठीसारखं तेल पाजलं? की दिग्रसच्या चौकीदाराच्या चुलीवर, भाताच्या वाफेत, ही दहा दिवस टांगली होती? मला त्या चौघांचं हसणं आधीच ऐकू आलं. 'ग्रॅज्युएटसाहेब, गळाच्या काठीने फाटक राखता की काय?' कोणी असं म्हणालं नव्हतं. मीच ते मनात रचलं आणि त्याला घाबरलो.

मी म्हणालो, "सरस कच्चा ठेवला असेल त्याने."

बस, एवढंच बोललो. पुढे काहीही करावं लागलं नाही. एक मित्र म्हणाला, "हे लोक असेच. वरून चमकवायचं, आत काही नाही." मी मान हलवली नाही, पण नाकारलंही नाही.

परत येताना वकीलसाहेबांनी मोटार कचेरीच्या भिंतीपाशी थांबवली. चाचा छत्रीची तार वाकवत होते. मोटार पाहून हसत उठले. वकीलसाहेबांनी खिडकीतूनच ते तुकडे त्यांच्या चटईवर टाकले.

"हे तुझं काम?"

चाचांनी तुकडे उचलले. एक कामटी नाकाशी नेली. मग त्यांनी मोटारीत मागे बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. हात जोडलेले नव्हते की नजरेत विनवणी नव्हती. सरळ पाहिलं, माझी पाळी आहे अशा नजरेने.

"साहेब, मी देल्ली तवा अशी नोती," ते म्हणाले.

"म्हणजे काय, आमच्या मास्तरांनी मोडली?"

चाचा माझ्याकडेच पाहत होते. मी पुढच्या सीटच्या पाठीवरची शिवण पाहत होतो. मोटार सुरू झाली.

आठवड्याने दिग्रसहून वडिलांचं पत्र आलं, शेजारच्याकडून लिहवून घेतलेलं. 'साहेबांना काठी आवडली का?' मी उलट टपाली लिहिलं, 'फार आवडली.'

खुर्च्यांचं काम नागपूरवाल्याला गेलं. त्याहून वाईट म्हणजे गोष्ट पसरली. 'खराट्याची काठी' हा कचेरीत विनोद झाला. छत्री द्यायला आलेला माणूसही चाचांना म्हणे, "पाहा हं, उकलन नाही ना?" मी त्या भिंतीच्या बाजूने जाणं बंद केलं. शाळेला लांबच्या रस्त्याने जाऊ लागलो. दिवाळीनंतर एकदा धीर करून गेलो तर पाल नव्हतं. तिथे एक उसाचा रस विकणारा बसला होता. "ते म्हातारबा? पांढरकवड्याले गेले. तिकडं टरकांचं काम लय हाय म्हनते."

मला सुटल्यासारखं वाटलं. ते लिहायला हात जड होतो, पण वाटलं.

वकीलसाहेबांच्या स्वभावात राग टिकत नसे. माझं त्यांच्याकडे जाणं-येणं पूर्वीसारखंच राहिलं. त्यांच्या घरी चहा पिताना मात्र मला त्या दिवाणखान्याच्या छताकडे पाहवत नसे.

पुढच्या चार-पाच वर्षांत मी एक विचित्र उद्योग केला. जिथे जुनी गळाची काठी असल्याचं कळे तिथे जाऊन ती घेऊ लागलो. एक डाक बंगल्याच्या खानसाम्याकडून मिळाली, एक कळंबच्या एका घरात, कपडे वाळत घालायच्या दांडीच्या कामी लागलेली. चाचांनी जसं केलं तसं मी घरी बसून करू लागलो. काचेने खरवडणं, पाण्याच्या भांड्यात सरस तापवणं, रेशीम गुंडाळणं. मधल्या काळात लग्न झालं होतं; बायको म्हणायची, "मासे तर तुम्ही खात नाही, मग हे कायले?" तिला काय सांगणार? माझ्या हाताने झालेल्या काठ्या वाईट होत. रेशीम सुटे, कामट्यांच्या सांध्यात सरस पांढरा दिसे. आणि दर वेळी कळे की चाचांनी किती बारकाईने काम केलं होतं.

सन त्रेसष्ट किंवा चौसष्ट असावं. कळंबची काठी काही केल्या जमेना, तेव्हा मी ती घेऊन पांढरकवड्याला गेलो. मनाला सांगितलं की सांधा दाखवायला जातो आहे. हमरस्त्याला लागून एक गॅरेज होतं. त्याच्या बाजूला चाचा ट्रकच्या गादीला काथ्या भरून दाभणाने शिवत होते. नजर कमी झाली असावी, डोळे शिवणीच्या अगदी जवळ होते.

मी हाक मारली. त्यांनी ओळखलं. "या मास्तर," म्हणून डब्यावरची धूळ झटकली, बसायला दिलं. मी काठी पुढे केली. त्यांनी बोट फिरवलं.

"सरस पातळ केला. आन् घाईनं बांधली." मग म्हणाले, "कोनं केली?"

"मी."

"हूं."

त्यांनी काठी परत माझ्या मांडीवर ठेवली आणि दाभण उचलला. एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. तो जाईपर्यंत थांबून मी सगळं सांगितलं. दिग्रसची चूल, तेल, वाफ, नदीवरचं माझं वाक्य. खरं म्हणजे मला वाटलं होतं की ते चकित होतील.

चाचा शिवत होते. "त्याच दिवशी समजलं मले. कामटी नाकाले लावली तं जवसाचं तेल आन् चुलीचा धूर. आमच्या खुर्च्याच्या कामात चूल कुठून येईन?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोल्लो ना. देल्ली तवा अशी नोती म्हटलं. माह्यं तेवढंच होतं. बाकीचं तुमचं होतं."

त्यांनी पुढचा टाका ओढून घेतला.

"वकीलसाहेबांले सांगतलं?"

"नाही."

"आन् ते बाकीचे हासनारे? त्यायले?"

"नाही."

दाभण थांबला. "मंग मले कायले सांगून राह्यले मास्तर? मले तं मालूमच हाय."

त्यांनी चहा पाजला. काठीला हात लावला नाही. बस येईपर्यंत मी डब्यावर बसून होतो आणि त्यांनी एक अख्खी गादी शिवून संपवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वकीलसाहेबांकडे गेलो. बसलोही नाही, उभ्यानेच सांगितलं. ते ऐकून आठवू लागले. "कोणती काठी? हां हां, ती नदीवरची. अरे, मी पाण्यात बसलो होतो!" ते हसले. "आणि खुर्च्यांचा माणूस कोण रे? ...असेल. जाऊ दे, किती वर्षं झाली. तुझ्या वडिलांनी तेल पाजलं होतं? वा! फार गोड आहे हे. तेव्हाच सांगायचं ना, वेड्या, आम्ही किती हसलो असतो."

एका माणसाला ज्या वाक्याने गाव सोडावं लागलं ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मी ज्या हसण्याला भ्यालो ते हसणं इतकं निर्विष होतं. पाच वर्षं उराशी बाळगलेलं भय असं निघालं तेव्हा मला सुटका वाटायला हवी होती. उलट मान आणखी खाली गेली.

"साहेब," मी म्हणालो, "तुमच्या मित्रांसमोर मी ते खोटं बोललो होतो. त्यांच्यासमोर बोलायचं आहे."

मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण हसू गेलं. "रविवारी ये," एवढंच म्हणाले.

रविवारी चौघेही होते. एक जण तोपर्यंत सरकारी वकील झाला होता. मी बोललो. जिनिंगच्या फाटकाचं, लाठीचं, चुलीचं, सगळं. एक जण हसला, दुसऱ्याने त्याला कोपराने गप्प केलं. 'खराटा' म्हणणारे गृहस्थ मात्र बराच वेळ पानाच्या डब्याची उघडझाप करत होते.

"म्हणजे काम चांगलं होतं त्याचं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"त्याच्याहून चांगलं मी पाहिलेलं नाही."

"माझ्याकडे सासऱ्यांची एक काठी पडली आहे. तू घेऊन जाशील त्याच्याकडे?"

मी घेऊन गेलो. पुढच्याच रविवारी, मेणकापडात गुंडाळून, एसटीत मांडीवर आडवी धरून. वाटेत मी काय काय कल्पना केल्या ते लिहीत नाही.

चाचांनी पिशवी उघडली. तीन तुकडे एकेक करून उजेडाकडे धरले, कानाशी नेऊन टिचकी मारली. या वेळी काठी लगेच परत केली नाही. "विलायती नाही हे. पन हात कोन्या चांगल्या कारागिराचा हाय." कोणाची काठी, कोणासमोर काय बोललो, काय म्हणाले, ते त्यांनी एकेक विचारून घेतलं. हसणारा कोण ते दोनदा विचारलं.

"ठेवा," ते म्हणाले. "करतो. दोन महिने लागतीन."

"मी येऊन घेऊन जाईन, चाचा."

त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं, गाठ मारली आणि मग मान वर केली.

"नाही मास्तर. तुमच्या हातात नाही देनार. ज्याची हाय त्याले या म्हना. त्यानं माह्यासमोर जोडून पाहावं, वाकवून पाहावं, मंग न्यावी. मधात कोनी नाही."

मी हो म्हणालो. एसटी सुटेपर्यंत मला आत कुठेतरी टोचत राहिलं. इतकं सगळं केल्यावरही माझ्यावर एक काठी सोपवत नाहीत, असं. त्या टोचणीचीच लाज मोहदा फाट्यापर्यंत पुरली.

त्या वकीलगृहस्थांना मी निरोप दिला. ते आधी म्हणाले, "मी? पांढरकवड्याला? एका खुर्चीवाल्याकडे?" दोन महिन्यांनी मात्र कोर्टाच्या कामाने तिकडे गेले तेव्हा गॅरेजपाशी उतरले. परत आल्यावर भेटले तेव्हा फार काही सांगितलं नाही. म्हणाले, चाचांनी रस्त्यावर, ट्रकवाल्यांच्या देखत, त्यांच्याकडून ती काठी जोडून घेतली, चार वेळा वाकवायला लावली आणि प्रत्येक वेळी विचारलं, "बोला साहेब, उकलली का?" आणि त्यांना प्रत्येक वेळी मोठ्याने सांगावं लागलं, "नाही."

ती काठी मी कधी पाहिली नाही. पाहायला मागितलीही नाही.